फळ्यावर नसलेला बिल्ला

६ फेब्रुवारी, सोमवार

ही वही हळूबाईंनी दिली. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण त्यांचं एक वाक्य संपेपर्यंत माणसाची अर्धी शिफ्ट होते, म्हणून पॅकिंगच्या पोरींनी हे नाव ठेवलंय. कंपनीने त्यांना आमच्याशी बोलायला बोलावलंय. शीतगृहात गॅस फुटला त्याला सात आठवडे झाले, आणि त्या शिफ्टला असलेल्या तेवीस जणांना एकेक वही मिळाली. "रोज पाच ओळी लिहा. कुणी वाचणार नाही." मी म्हटलं, कुणी वाचणारच नसेल तर लिहायचं कशाला? त्या हसल्या. तेही हळूच.

मी लिहिणार ते भाऊजींसाठी. माझा धाकटा दीर. सहा वर्षांपूर्वी मीच त्यांना इथे चिकटवलं. मी पॅकिंगची मुकादम, ते थंड खोल्यांमध्ये क्रेट लावतात आणि तापमान टिपतात. त्या दिवशी खोल्यांबाहेरच्या बोळात अमोनियाचा पाइप गेला तेव्हा ते चार नंबरच्या खोलीत होते. वीज गेली. चाळीस मिनिटं काळोखात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, सफरचंदांच्या क्रेटांबरोबर एकटे. आम्ही बाकीचे बावीस जण बाहेर आवारात, उन्हात. तेव्हा कुणाला काही व्हायचं असेल तर त्यांनाच होणार. मी लक्ष ठेवणार. धाकटीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, तसा शब्द दिलाय.

आजची नोंद: भाऊजी ठीक. डबा पूर्ण संपवला. माझ्या डब्यातलाही थोडा खाल्ला, मला भूक नव्हती.

९ फेब्रुवारी

दोन दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज भांडण झालं. लेकीने फरशी पुसायला नवं औषध आणलं, बादलीत ओतलं आणि घरभर तोच वास. मी बाटली उचलली आणि जिना उतरून कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. बादलीही ओतली. लेक म्हणते, "आई, ते लिंबाचं आहे." मी म्हटलं, लिंबाचं असो नाहीतर अमृताचं असो, माझ्या घरात नको. नवरा मध्ये पडला, "अगं, एकदा नाक दाखवून ये." त्याला काय होतंय बोलायला. दिवसभर गाड्या रंगवून त्याचं नाक कधीच कामातून गेलंय.

संध्याकाळी लेक आंघोळीला गेली आणि तिने कडी लावली. दहा वेळा सांगितलंय, कडी लावू नकोस. कोण येणार आहे आत? "मी सतरा वर्षांची आहे," आतून आवाज. मी थापा मारत राहिले. शेवटी डोक्याला साबण तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून ती बाहेर आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. आजकालच्या मुलींना काही बोलायची सोय नाही.

भाऊजी ठीक. आज चार नंबर पुन्हा सुरू झाली. शीळ घालत आत गेले. मी दारापर्यंत जाणार होते, पण गुडघा दुखत होता.

१३ फेब्रुवारी

हळूबाईंनी सगळ्यांना एक कागद भरायला दिला. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार. नको असताना ती घटना आठवते का? झोप लागते का? एखाद्या वासाने, आवाजाने दचकायला होतं का? जिथे घडलं त्या जागेला टाळता का? पोरी खाली माना घालून परीक्षेला बसल्यासारख्या बसल्या होत्या, एक तर शेजारणीचं बघून लिहीत होती.

मी पटापट भरला. झोपेला चार, कारण नवरा घोरतो. वासाला चार, तो त्या औषधाचा दोष. जागा टाळता का, तीन, गुडघ्यामुळे. जेवणावर इच्छा नाही, तीन, वय झालं. जे झालं त्याबद्दल स्वतःला दोष देता का, चार.

भाऊजींनी माझ्याआधी कागद देऊन टाकला आणि बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

१६ फेब्रुवारी

डोकं तापलंय. हळूबाईंनी मला एकटीला बोलावलं. माझे म्हणे चौपन्न झाले. तीस-बत्तीसच्या वर गेलं की काळजी करायची. भाऊजींनी मला सकाळीच सांगितलं होतं, त्यांचे सात.

मी म्हटलं, "मॅडम, कागद बदललेत. सतरा वर्षं क्रेटांवर लेबलं लावतेय मी, एकाचं लेबल दुसऱ्याला कसं लागतं ते मला विचारा."

"अक्षर तुमचंच आहे ना?"

अक्षर माझंच होतं. पण मी आत नव्हतेच! मला ठसकासुद्धा लागला नाही. जो आत बसला तो शीळ घालत फिरतोय आणि जी उन्हात उभी होती तिला आजार? हा कुठला न्याय?

मग त्यांनी समजावलं, एकेक शब्द ठेवत ठेवत. काय घडलं ते केवढं मोठं होतं, तेवढ्यावर ठरत नाही म्हणे. एकाच अपघातातली दोन माणसं, एक जण महिन्याभरात मार्गी लागतो, दुसरा वर्षानुवर्षं तिथेच. आधी कधी मोठा धक्का बसलेला असेल तर फरक पडतो. नंतर घरचे कसे वागतात, बोलता येतं का, झोप मिळते का, त्यानेही पडतो. काहींचं शरीरच तसं असतं. आणि ज्या वेळी ते चालू असतं त्या वेळी माणसाच्या मनात काय होतं, तेही. मदत येतेय असं वाटत होतं, की सगळं संपलं असं, की हे माझ्यामुळे झालं असं. हातपाय हलवता आले, की माणूस जागच्या जागी थिजला. "इतकं माहीत आहे," त्या म्हणाल्या, "पण कुणाला होईल हे आधी बोट दाखवून सांगता येत नाही. आणि ज्याला होतं तो कच्चा असतो, असं तर मुळीच नाही."

मग विचारलं, "त्या वेळी तुम्ही काय करत होता?"

"उभी होते."

"मग?"

"मग काय. उभी होते." चहा अर्धा टाकून मी उठले. शिफ्टची वेळ झाली होती. म्हणजे होत आली होती.

१९ फेब्रुवारी, रविवार

आज भाऊजी आणि धाकटी जेवायला आले. जेवण झाल्यावर लेकीने भाऊजींना विचारलं, "काका, आत तुम्ही नक्की काय केलंत?" मी ताटं उचलायला उठले, पण स्वयंपाकघर काय, चार पावलांवर. सगळं ऐकू येतं.

ते रंगात येऊन सांगत होते. "दार उघडलं तर डोळ्यांची आग. लगेच लावून घेतलं. मफलर पाण्याच्या बाटलीने भिजवला, नाकातोंडाला बांधला. दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं. आणि बसलो."

"भीती नाही वाटली?"

"थंडी वाजत होती गं. भीती कशाची? फळ्यावर चार नंबरच्या खान्यात माझा बिल्ला लटकतोय. गेटकाका बघणार आणि येणार. आज ना उद्या येणारच!" सगळे हसले. "मी आपला चाचपून क्रेट मोजत बसलो. दोनशे बारा झाले आणि दाराशी बॅटरी दिसली. हिची शपथ, आतल्या आत एकदाही वाटलं नाही की आपण इथेच राहणार."

माझ्या हातातून वाटी पडली. फुटली नाही, स्टीलची होती.

आता लिहायलाच हवं. वही कुणी वाचत नाही म्हणतात ना.

आमच्याकडे प्रत्येकाला पितळेचा एक बिल्ला असतो, नंबर कोरलेला. थंड खोलीत जाताना तो गेटजवळच्या फळ्यावर त्या खोलीच्या खान्यात अडकवायचा, बाहेर पडताना काढायचा. काही झालं तर गेटकाकांनी, म्हणजे आमच्या वॉचमनने, फळा वाचायचा आणि जिथे बिल्ला असेल तिथे सरळ जायचं. हा नियम. पण शिफ्ट सुटली की फळ्यापुढे झुंबड उडते आणि दोनची बस चुकते. म्हणून जो आधी पोचेल तो आपल्या माणसांचे बिल्ले मुठीत काढून घेतो आणि बसमध्ये वाटतो. सगळेच करतात. मीही करायचे, मुकादम असून.

त्या दिवशी दोनला दहा कमी असताना चार नंबरच्या बाजूने एक निळा जाड कोट बाहेर पडताना मला दिसला. मला वाटलं भाऊजी. त्या कोटात सगळ्यांचेच खांदे सारखे दिसतात. मी माझा बिल्ला काढला आणि त्यांचाही काढला. तो तीन नंबरचा माणूस होता. पाच मिनिटांनी धोक्याचा भोंगा झाला.

फळा रिकामा होता. एकोणतीस नंबर माझ्या खिशात होता. आत्ता माझ्या पर्सच्या चेनच्या कप्प्यात आहे. भाऊजींना नवा मिळाला, त्यांना वाटतं जुना गडबडीत हरवला.

२१ फेब्रुवारी

गेटकाकांना नोटीस. दोन मार्चला चौकशी. भाऊजींच्या जबाबावरून आरोप असा की फळ्यावर चार नंबरच्या खान्यात बिल्ला असताना त्यांनी तो वाचला नाही, एक नंबरपासून खोल्या शोधत बसले आणि म्हणून चाळीस मिनिटं लागली. काकांना निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. आता काढलं तर हातात काही नाही.

मी गेटवर गेले. काका बाकावर बसून चष्मा पुसत होते. मी म्हटलं, "काका, काय सांगणार तुम्ही?"

"काय सांगायचं? डोळे अधू झाले. नीट दिसलं नाही म्हणणार."

"पण तुम्हाला तर लांबचा बसचा नंबर वाचता येतो."

"तू कशाला माझ्या डोळ्यांची उठाठेव करतेस? जा, कामाला लाग." मी गेले. म्हातारा माणूस, खरंच दिसलं नसेल असं स्वतःला समजवायला बघितलं. पण फळ्यावर दिसायला होतंच काय?

२३ फेब्रुवारी

हळूबाईंकडे गेले. आडवळणाने विचारलं. समजा एक माणूस संकटात शांत राहिला, कारण त्याला वाटत होतं की अमुक एक गोष्ट आहे. आणि ती गोष्ट नव्हतीच. त्याला ते सांगितलं तर? त्याचे सात माझ्यासारखे होतील का?

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपल्याच. मग म्हणाल्या, "होऊ शकतं. नाही होणार अशी हमी मी देणार नाही. काही दिवस तो हलेल, हे नक्की. त्याच्याजवळ तेव्हा कोण असेल त्यावर बरंच आहे." मग म्हणाल्या, "आणि ज्याने ते मनात धरून ठेवलंय, त्याचं काय?" मी म्हटलं, त्याचं काय, त्याची चूक, त्याने भोगावी. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. माणसाने असं करू नये. काहीतरी बोलावं.

२५ फेब्रुवारी

सांगितलं तर भाऊजी जातील. नाही सांगितलं तर काका. कंटाळा आलाय मला या सगळ्याचा. आज सकाळी क्रेटांवर उद्याची तारीख मारली, शंभर लेबलं परत काढावी लागली.

२८ फेब्रुवारी

सांगितलं.

शिफ्ट सुटल्यावर कोट टांगायच्या खोलीत भाऊजी एकटे होते. मी म्हटलं, "भाऊजी, तुमचा बिल्ला फळ्यावर नव्हता."

"म्हणजे?"

"मी काढला होता. मला वाटलं तुम्ही बाहेर आलात."

आधी हसले. "काहीतरीच काय, वहिनी." मग मी पर्सची चेन उघडली. त्यांनी बिल्ला हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याने नंबर चोळला. एकोणतीस.

"म्हणजे मी आत क्रेट मोजत बसलो होतो," ते म्हणाले, "आणि बाहेर कुणालाच माहीत नव्हतं."

मी पर्सची चेन लावली.

त्यांनी बिल्ला बाकावर ठेवला आणि जाड कोट अंगातच ठेवून रणरणत्या उन्हात निघून गेले. मी मागून हाक मारली. वळले नाहीत. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्या हाकेला ओ दिली नाही.

१ मार्च

भाऊजी कामाला आले नाहीत. दुपारी धाकटीचा फोन. "ताई, काल काय बोललात तुम्ही यांना? रात्रभर दिवा चालू. सकाळपासून बाहेर पायरीवर बसलेत, घरात यायला तयार नाहीत." मी म्हटलं, तूच विचार त्यांना. "विचारलं. म्हणतात वहिनीला विचार."

केलं मी ते. चांगला धडधाकट माणूस होता.

२ मार्च

चौकशी. लांब टेबल, तीन साहेब, पाण्याच्या बाटल्या. काका उभे राहिले आणि म्हणाले, "नजर चुकली साहेब." मी हात वर केला. कुणी विचारलं नव्हतं. पुढे जाऊन बिल्ला टेबलावर ठेवला आणि सांगितलं, फळा रिकामा होता, काकांनी वाचला तो बरोबरच वाचला, बिल्ला मी काढला होता.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "दुसऱ्याचा बिल्ला काढायची पद्धत आहे का इथे?" मागे सगळी शिफ्ट श्वास रोखून बसलेली. मी म्हटलं, "इतरांचं मला माहीत नाही. मी काढला."

काका सुटले. मी निकाल लागेपर्यंत घरी. मला वाटलं होतं सांगून टाकलं की मोकळं वाटेल. बसमध्ये बसले आणि दार बंद झालं, तशी पुढच्याच थांब्यावर उतरले. घरापर्यंत चालत आले, दीड तास.

४ मार्च

गेटकाका घरी आले होते. नवऱ्याने त्यांना खुर्ची दिली आणि शहाण्यासारखा बाहेर गेला. मला वाटलं आभार मानायला आलेत. कसले आभार! आल्या आल्या उखडले.

"कोणी सांगितलं होतं तुला तिथे नाटक करायला? मी निभावून नेलं असतं ना."

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"बावीस वर्षं तो फळा बघतोय मी. तुमच्या मुठी बघतोय. हे सांगितलं असतं तर अर्धी शिफ्ट घरी बसली असती. फळ्यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. म्हणून तर एक नंबरपासून खोल्या बघत गेलो." मग चष्मा काढून पुसू लागले. "आणि तुझं तोंड बघितलं म्हणून. मी विचारलं, सगळे आले का? तू काही बोलली नाहीस, पण तुझ्या तोंडाकडे बघूनच मी मास्क चढवला. कुठली खोली ते मात्र तोंडावर लिहिलेलं नव्हतं, नाहीतर लवकर झालं असतं."

काका माणूस म्हणून सोनं आहेत, मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतील. ते गेल्यावर मी घासलेली भांडी पुन्हा घासली.

५ मार्च

काकांनी ते काढलंच आहे तर लिहिते. एकदाच लिहिणार.

भोंगा झाल्यावर आम्ही आवारात जमलो. मी मुकादम, डोकी मोजायचं काम माझं. मोजली. बावीस. पुन्हा मोजली. बावीस. रुमालासाठी हात खिशात घातला तर दोन बिल्ले लागले, एकावर एक. त्याच क्षणी मला सगळं कळलं. तो कोट भाऊजींचा नव्हता, भाऊजी आत आहेत, चार नंबरमध्ये आहेत आणि हे जगात मला एकटीला माहीत आहे.

काका आले, विचारलं, सगळे आले का? आणि माझं तोंड उघडेना. भीती वाटत होती म्हणून नाही, नोकरी जाईल म्हणून नाही. लोक काय म्हणतील हेही डोक्यात नव्हतं, डोक्यात काहीच नव्हतं. चार नंबर, एवढे दोन शब्द. जीभ टाळूला चिकटलेली आणि पाय कुणी जमिनीत पुरल्यासारखे. शेजारची पोर माझ्या हाताला धरून रडत होती, मला तिचा हात दिसत होता पण लागत नव्हता. काका आत गेले. मी दाराकडे बघत उभी. ओरड, ओरड, असं मी मलाच सांगत होते. एखादं कुत्रंसुद्धा भुंकलं असतं.

त्यांना बाहेर आणलं तेव्हा मी पहिल्यांदा श्वास घेतला आणि पहिलं वाक्य काय बोलले? "मफलर ओला आहे, बदला, सर्दी होईल."

चौकशीत हे सांगितलं नाही. भाऊजींनाही नाही. ते म्हणाले कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी तसंच राहू दिलं.

९ मार्च

हळूबाईंना मागचं पान, म्हणजे पाच तारखेचं, वाचून दाखवलं. वाचताना तीनदा थांबले. त्या म्हणाल्या, थिजणं हे माणूस ठरवून करत नाही, शरीर करतं, हरणाचं होतं तसं. मी म्हटलं, हरणाला दीर नसतो. त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या, मग म्हणाल्या, आजार आहे, त्यावर उपचार आहेत, वेळ लागेल, दर आठवड्याला यायचं. मी बरं म्हटलं. आहे तर आहे. चौपन्न आहेत ते माझेच आहेत. गुडघा मात्र अगदी ठणठणीत आहे, हे आज मी कबूल केलं.

घरी येऊन नवऱ्याला आणि लेकीला एकत्र बसवून सांगितलं, तेही. नवरा म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, तुझा भाऊ आहे तो. लेकीने माझ्या डोक्याला तेल लावलं.

१२ मार्च, रविवार

भाऊजी आले. एकटेच. दोन आठवड्यांनी बघितलं, गाल बसलेत. मी दार उघडून तशीच उभी.

"आत येऊ का नको?" म्हणाले, तेव्हा बाजूला झाले.

चार रात्री वाईट गेल्या म्हणाले. काळोख झाला की पुन्हा आत असल्यासारखं, आणि या वेळी कुणी येत नाही. धाकटी उशाशी बसून राहायची. आता दिवा बंद करून झोप लागते. हळूबाईंकडे स्वतःहून गेले, कागद पुन्हा भरला. "सातचे एकोणीस झाले. तुमचे?"

"एक्कावन्न."

"म्हणजे अजून तुम्हीच पुढे." दोघंही हसलो, पण हसू लगेच संपलं.

मग मी सांगितलं. पाच तारखेला लिहिलंय तसंच सगळं, त्यांच्याकडे न बघता, टेबलाच्या कडेकडे बघत.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला बाहेर आणेपर्यंत."

"म्हणजे चाळीस मिनिटं."

"पहिली दोन-तीन मला माहीत नव्हतं. बाकीची सगळी."

ते उठले. माठातलं पाणी घेतलं, प्यायले, पुन्हा घेतलं आणि हातातच धरून उभे राहिले. मला वाटलं आता हे जाणार, आणि पुन्हा यायचे नाहीत. नवऱ्याच्या आईनंतर सासरच्या माणसांत मला रक्ताचं वाटणारं तेवढं एकच माणूस.

"बिल्ल्याचा मला राग नव्हता, वहिनी," ते म्हणाले. "बिल्ले सगळेच काढतात. तुमचा मीही कितीदा काढलाय, तुम्ही आत असताना. ते तुमच्या जागी माझ्याकडून झालं असतं. पण हे ऐकून राग आलाय. खूप आलाय."

"येणारच."

"तुम्ही मुद्दाम नाही केलंत ते कळतंय मला. तरी आलाय."

"हो."

"आणि बरेच दिवस राहील असं वाटतंय."

मी मान हलवली. ते पुन्हा बसले. मी चहा ठेवू का विचारलं तर नको म्हणाले, ठेवला तेव्हा प्यायले. अर्धा तास आम्ही तसेच बसलो, ते रागावलेले आणि मी समोर. खिडकीतून पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. बसल्या बसल्या मला पेंग येत होती आणि लाज वाटत होती, पण डोळे मिटतच होते.

जाताना दारात चपला घालत म्हणाले, "उद्या येऊ ना?"

"कशाला? रागवायला?"

"हो."

"या," मी म्हटलं.